मिस्टर अहो आलेच नाहीत

दुबईकर मंडळी, आज व्हिएन्नातल्या एका जुन्या, राजेशाही हॉटेलात पोचले. एकटीच. आमच्या पंचविसाव्या अ‍ॅनिव्हर्सरीची ट्रिप, पण ह्यांचा व्हिसाच आला नाही. बुकिंग कॅन्सल होत नव्हतं. मग अल बर्शाच्या घरातून ह्यांनी मला ढकललंच, "यल्ला, चल, तू तरी जा!"

खोलीत केक ठेवलेला. वर क्रीमने लिहिलंय, "मिस्टर अहो आणि अंजली".

बुकिंगच्या फोनवर मी मध्येच ह्यांना "अहो, तारीख कुठली सांगू?" असं विचारलं होतं. हॉटेलवाल्यांना तेच ह्यांचं नाव वाटलं!

मी पोट धरून हसले. हसता हसता "अहो, बघितलंत का?" म्हणत मागे वळले.

एवढ्या मोठ्या खोलीत ओ द्यायला कोणीच नव्हतं.

केक अजून तसाच आहे. सांगा, एकटीने कापू?