कॅप्टनसाहेबांची मान

कॅप्टनसाहेबांच्या मानेला तोड नव्हती. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या बनावट विमानात, त्यांची परीक्षा व्हायची. तेव्हा वेगाचा काटा, उंचीचा, दिशेचा आणि मग खिडकी अशी ती मान एवढ्या डौलात फिरे, की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसावी. प्रेक्षक एकच असे, मागच्या खुर्चीतला परीक्षक. वीस वर्षं साहेब असेच पास होत आले होते.

यंदा परीक्षकबाईंनी त्यांच्या नाकावर एक चष्मा चढवला. नजर जाईल तिथे बाहेरच्या पडद्यावर लाल ठिपका उमटायचा. साहेबांनी मान जरा जास्तच फिरवली आणि उतरताना वेग कधी घसरला, ते त्यांना कळलंच नाही.

बाईंनी चित्रण लावलं. मान सगळीकडे हिंडत होती, पण ठिपका बाजूच्या काचेत ठाण मांडून बसला होता. त्या काचेत बाईंचं प्रतिबिंब होतं.

"साहेब, माझ्याकडे काय बघत होतात?"

"तुम्ही बघताय की नाही, ते बघत होतो."

"उद्या शेवटची संधी. नापास झालात तर विमान विसरा. आणि मी आत बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी मागची खुर्ची रिकामी होती. साहेबांना अगदी ओकंबोकं वाटलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी वेगाच्या काट्याकडे पाहिलं. तो घसरत होता. त्यांनी तो सावरला. मान जागची हलली नाही, ठिपका मात्र चौकस सासूसारखा सगळीकडे डोकावून आला.

बाहेर बाईंनी कागदावर सही केली. "छान उतरवलंत, साहेब."

साहेब खट्टू झाले. "एवढं चांगलं झालं," ते म्हणाले, "आणि आत बघायला कोणी नव्हतं."