डाव्या सीटची साक्ष

नांदेडला आमच्या कॉलेजमागे एक मेकॅनिक आहे. गाडी चालवणाऱ्याला तो काहीच विचारत नाही. मला 'सर, सर' म्हणत खुर्ची देतो, चहा मागवतो आणि गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर बसून जो आला असेल त्याच्याकडे वळतो. "चालवणारा आपल्या गाडीला नावं ठेवत न्हाई, सर," असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी आईला जळकोटला मामाकडे न्यायचं होतं. घराण्यातला पहिला पदवीधर मी, पहिली गाडीही माझीच, त्यामुळे तिच्यात खोट काढायला मला जड जायचं. ब्रेकचं पेडल मऊ झालं होतं. दोनदा दाबलं की लागायचं. म्हणून निघताना गाडी आधी त्याच्याकडे नेली आणि त्याने आईलाच विचारलं,

"मावशी, गाडी थांबताना तुमचा पाय काय करतो?"

"म्या बी दाबते की," आई म्हणाली. "आधी एकदा दाबायची, आता तीनदा दाबावं लागून राहिलंय."

"ऑइल गळतंय," म्हणत त्याने मागचं चाक खोललं. गळती तिथंच होती. सील बदलल्यावर ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायची होती, त्यासाठी कुणीतरी पेडल दाबून धरायला हवं होतं. मी उठलो.

"तुम्ही बसा, सर. मावशीला लई सवय हाय."

आई चप्पल काढून आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसली. "दाबा, मावशी... धरा... सोडा!" असं बराच वेळ चाललं. पेडल घट्ट झालं.

हात पुसून त्याने आईला विचारलं, "देऊ का चावी सरांना?"

आईने माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याला म्हणाली,

"नदीच्या पुलापोत्तर तुमीच चालवा, दादा."

मी मागचं दार उघडलं.