पट्टी उलटी नव्हती

सर्व्हेच्या सरांनी मारुतीला फसवलं. मधली दलाली माझी.

आम्ही दोघं सिव्हिलला होतो. मी बेळगावकडच्या खाणीत दगड फोडणाऱ्याचा मुलगा, तो बंगळूरच्या चिकपेटेतल्या शिंप्याचा. साठ साल नुकतंच उलटलेलं. बंगळूरबाहेर तळ्याकाठी दहा दिवसांचा कँप लागला. आठ जणांत एक लेव्हल, म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण. मी हात पुढे केला.

सर म्हणाले, "आधी हात बघ आपले. हातोड्याचे आहेत. दुर्बिणीला लावू नकोस. पट्टी धर."

पोरं हसली. बसवनगुडीच्या इंजिनिअरसाहेबांचा मुलगा सगळ्यात मोठ्यानं.

पट्टी म्हणजे आकडे रंगवलेला, माणसाच्या दुप्पट उंचीचा दांडा. आपण तो उन्हात उभा धरायचा, दुर्बिणीतून वाचणार दुसरे.

माझं डोकं तापलं. पण मी बाजारात घासाघीस करत वाढलेला. अपमान झालाच आहे तर किंमत तरी वसूल करावी. साहेबांच्या मुलाला म्हणालो, "दहाही दिवस पट्टी आम्ही दोघं धरतो. बदल्यात तुझं फील्डबुक, मोजमापांची वही, उतरवू द्यायचं. आणि दुर्बिणीतून वाचणारे निरीक्षक म्हणून आमचीही नावं लागली पाहिजेत."

सरांनी ऐकलं. मान डोलावली.

मारुतीला मी विचारलंसुद्धा नाही. तो रोज म्हणायचा, "अण्णा, स्वल्प आतून बघू दे की."

"गप रे. मार्क हवेत का दुर्बीण?"

शेवटच्या दिवशी आम्ही खोट्या फील्डबुकांवर सह्या केल्या. खाली सरांनी. मला वाटलं, सौदा मारला.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. दुर्बीण लावून तयार होती. समोर शिपाई पट्टी धरून उभा. आधी मारुतीचा नंबर. त्यानं डोळा लावला, मान वर केली आणि शिपायाला ओरडून सांगितलं, "अण्णा, पट्टी उलटी धरलीय. सरळ करा."

त्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. पुस्तकात ते होतं, आम्ही वाचलंही होतं. डोळ्याला माहीत नव्हतं.

आधी शिपाई हसला. मग सगळे. परीक्षकांनी फील्डबुक चाळलं. "दहा दिवस निरीक्षक तूच होतास ना?"

मारुतीनं माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे.

सर म्हणाले, "काहींच्या डोक्यात शिरतच नाही, साहेब."

पुढचा नंबर माझा. आकडे उलटे दिसणार, हे मला आता कळलं होतं. वरून खाली वाचले. बरोबर आले. सर म्हणाले, "शाब्बास."

त्याच्या फजितीवर मी पास झालो. तो नापास झाला आणि बापाच्या मशीनवर बसला. कॉलेजात परत आला नाही.

तो शाब्बास मला पचला नाही. निकालानंतर फील्डबुक घेऊन सरांच्या खोलीत गेलो. त्यांच्यासमोर 'निरीक्षक' खोडलं, 'पट्टी धरली' लिहिलं, सही केली. म्हणालो, "मारुतीच्या वहीतही हेच लिहा. त्याला तुम्ही दुर्बीण दिली नाही आणि मी मागू दिली नाही."

सर म्हणाले, "पास झालास ना? नीघ."

निघालो. पुढे ठेकेदार झालो, इमारती बांधल्या. फील्डबुक जपून ठेवलंय. मारुतीच्या दुकानावरून जाताना अजून रस्ता बदलतो. माझा गुन्हा मी इथं लिहिला. तो कुणी माफ करावा म्हणून नाही.

सर, माझ्या त्या नव्या सहीखाली जागा रिकामी आहे. मारुती नापास का झाला, ते तिथं स्वतःच्या हातानं लिहा.