सात पानी अर्ज

सरकारकडून वृद्धाश्रमांना मिळणारं धान्य बंद झालं, म्हणून मी बदलापुरात आमदारांच्या कार्यालयात गेलो. शाल, श्रीफळ आणि सात पानी अर्ज घेऊन. बाकावर अंबरनाथच्या एक बाई होत्या. दर सोमवारी कुठल्या तरी संस्थेचं काम घेऊन येत म्हणे.

"सत्कार कशाचा, भाऊ? काम झालं का?"

मी नारळ पिशवीत दडवला. त्यांनी माझ्या अर्जातला प्रत्येक 'कृपया' खोडला, 'आमचा आश्रम'च्या जागी 'राज्यातले सगळे आश्रम' केलं आणि चार ओळींचा प्रश्न उरवला.

"विधानसभेत एवढंच विचारता येतं."

आत जाताच मी सवयीने कमरेत वाकलो.

"ताठ उभे राहा," मागून त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्यांच्या ताटासाठी आलाय."

मी ताठ झालो. आमदारही खुर्चीत सावरून बसले आणि त्यांनी कागदासाठी हात पुढे केला.