निगेटिव्ह माणसाचा डबा

कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. लोक त्याच्याशी बोलत नाहीत ना, त्याच्यासमोर नुसते वागून दाखवतात! माझे सगळे किस्से नवी मुंबईतल्या महाप्याच्या आमच्या ऑफिसातले.

आमची पद्धत अशी, की दुपारी सगळे डबे टेबलावर मधोमध उघडायचे आणि कुणीही कुणाच्याही डब्यात हात घालायचा. मी निगेटिव्ह होऊन परतलो, त्या दिवशी बायकोने मुद्दाम भरली वांगी दिली होती. मी झाकण काढलं आणि अकाउंट्सचे म्हात्रे उठलेच. घणसोलीचे म्हात्रे, माझ्या वांग्यांचं जुनं गिऱ्हाईक!

"आज माजा उपास हाय," म्हणाले. हातातल्या त्यांच्या डब्यात कोलंबी होती!

*

आमच्या सेक्शनच्या सावंत मॅडम माझी खुर्ची रोज सॅनिटाइझ करायच्या. त्याचं काही नाही. पण एकदा मी घरून फोन करून रजा मागितली, तर म्हणे त्यांनी स्वतःचा रिसीव्हर पुसून काढला!

*

मी खिडकीपाशी एकटा जेवायला लागलो. खरं सांगतो, घास उतरायचा नाही. छाती धडधडायची, डबा भरलेलाच घरी जायचा. शेवटी डॉक्टरांनी बेलापूरच्या काउन्सेलर गाठून दिल्या. हे मी फक्त एचआरच्या कुलकर्णीला सांगितलं, "कुणाला बोलू नकोस" म्हणून.

चहाच्या आत माझ्या टेबलावरची कात्री, कटर आणि का कोण जाणे, कॅलेंडर गायब!

म्हात्रे लांबूनच म्हणाले, "यापरीस कोरोना बरा. त्याची टेस्ट तरी व्हते!"

*

मग एकेक जण गुपचूप यायला लागला. सावंत मॅडमच्या नणंदेला झोप येत नव्हती. कुलकर्णीच्या मित्राला लिफ्टची भीती बसली होती. म्हात्र्यांचा चुलतभाऊ दिवसातून वीसदा हात धुवायचा. मी सगळ्यांना काउन्सेलरचा फोन नंबर दिला. मनात म्हटलं, यांचे नातेवाईक भलतेच टेन्शनमध्ये आहेत!

*

एका शनिवारी हाफ डे होता. डबा न उघडताच बेलापूर गाठलं. काउन्सेलरच्या वेटिंग रूममध्ये आधीच तिघं बसलेले, मधे दोन-दोन खुर्च्या सोडून. एक बाई पेपर उलटा धरून वाचत होत्या. एकाने हेल्मेट काढलंच नव्हतं. तिसऱ्याने मे महिन्यात तोंडाला मफलर गुंडाळला होता. कुणीच कुणाला ओळखत नव्हतं. मीही ओळखलं नाही.

दोन वाजून गेले, तरी नंबर येईना. मफलरवाला उठला आणि थेट माझ्या शेजारी येऊन बसला.

"तुजे डब्यान काय हाय?"

"भरली वांगी."

बाईंनी पेपर मधल्या टीपॉयवर पसरला. मी झाकण काढलं. हेल्मेटची काच वर गेली.