बैलाला आवतन होतं

अशी जवळ ये गं पोरी, आणि तो मोबाइल आधी पालथा ठेव. वर्षातून एकदा मावशीकडे येतेस, तीही सकाळच्या गाडीनं येऊन दुपारच्या गाडीनं पळायला. माझ्यापेक्षा चिखलीच्या स्टँडनंच तुला जास्त पाहिलं असेल. आणि आल्या आल्या विचारतेस काय, तर काका टोपी घालून नाल्यावर काऊन बसले.

सांगते. जगात इतके देश स्वतंत्र झाले, पण माझ्या धाकट्या दिराइतकं, म्हणजे तुझ्या या काकांइतकं, मनापासून स्वतंत्र कोणी झालं नसेल. आमची वाडी पूर्वी नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात मोडायची. पंचायत तिकडची, विहीर तिकडची, सरपंच कायम पाटलांच्या घरचा. घागर घेऊन गेलं की "आधी गावातल्या बायांचं होऊ द्या" हे ऐकत मी म्हातारी झाले. भाऊजींनी वहाणा झिजवून वाडीची वेगळी ग्रामपंचायत आणली, नळ आणला, आणि परराष्ट्र खातं कोणी न देता स्वतःकडे घेतलं. रेडिओवर जगाच्या बातम्या ऐकून त्यांना पक्कं ठाऊक होतं, की जुन्या राज्यकर्त्याशी सुरुवातीला फार जपून वागावं लागतं. नाल्याला ते सीमा म्हणू लागले. मी पलीकडे दळण घेऊन गेले की "वैनी परदेशी गेल्या" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तिकडच्या चहात साखर जास्त असते, त्यातही त्यांना डाव दिसायचा.

पंचायतीच्या उद्घाटनाला पाटील आले. दोघं लहानपणी एका बोरीवर चढलेले, पण त्या दिवशी भाऊजींनी दोन खुर्च्या शेजारी लावून उंची पाहिली. आपली बुटकी निघाली, तर चारही पायांखाली विटा घातल्या.

"पडशील ना बे," पाटील म्हणाले.

"पडलो तरी बरोबरीनं पडीन."

मग पाटील भाषणाला उठले आणि सवयीनं "आमची वाडी" म्हणून गेले. झालं. बोलणं बंद. भाऊजी म्हणत, आवतनाशिवाय सीमेपलीकडे पाय ठेवणार नाही. पाटील म्हणत, घरच्याच वाडीला आवतन कायचं? मी हसायची, पण आतून भाऊजींचं मला पटायचं. माझी घागर खाली ठेवली होती त्यांनी.

मग वाडीचा पहिला स्वतःचा पोळा आला. आजवर आमचे बैल त्यांच्या तोरणाखाली सगळ्यांच्या शेवटी उभे राहायचे. आता आंब्याच्या पानांचं तोरण आमचं, मानाची जोडी भाऊजींची. ती गेल्याशिवाय दुसरा बैल तोरणाखालून जायचा नाही. इतक्यात पलीकडे डफडं वाजलं. जोडीतला म्हातारा बैल हिसका मारून सुटला, झुलीसकट नाला ओलांडला आणि त्यांच्या रांगेत, शेवटी, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. इकडे सगळी वाडी खोळंबली. तिकडून कोणी ओरडलं, "तुमचा बैल जुन्या सरकारले शरण आला हो."

भाऊजी गेले. आवतन नसताना गेले. मी मागोमाग.

"पळून नाही आला तो," त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. "आमचा राजदूत हाये. परत द्या."

"देतो ना," पाटील म्हणाले. "पण काल तो नाल्यावर पाणी प्याले आला, तवा मी त्याचे खांदे शेकले, हळद-लोणी लावलं, जेवाचं आवतन देल्लं. जेवल्याबिगर कसा धाडू?"

आवतन घेतलेला बैल उपाशी परत न्यायचा नसतो, हे काही पंचायत वेगळी झाली म्हणून बदलत नाही. भाऊजींचा आवाज एकदम बारीक झाला. "मले तर नाही देल्लं."

"तू कुठं बैल हायेस बे."

असं म्हणत पाटलांनी स्वतः दोन खुर्च्या आणल्या, एकीखाली विटा लावल्या आणि भाऊजींना वर बसवलं. बैलाची पुरणपोळी होईपर्यंत दोघं शेजारी बसून राहिले. मग पाटलांनीच दावं हातात घेतलं. "चाल, तुमच्या गावचं तोरण खोळंबलं."

तुमच्या गावचं म्हणाले. मी ऐकलं. भाऊजींनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले. चिखल होता नुसता.

तेव्हापासून दर पोळ्याला बैल दोन्हीकडे जेवायचा. गेल्या उन्हाळ्यात तो गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी भाऊजी उगीच नाल्यावर जाऊन बसले. पलीकडून पाटील आले, सवयीनं लोण्याची वाटी घेऊन. दोघं नुसते वाटीकडे बघत राहिले. मग पाटलांनी भाऊजींचा सदरा सरकवला आणि त्या हडकुळ्या खांद्यांनाच हळद-लोणी चोळलं. "उद्या जेवाले ये बे," म्हणाले. सदऱ्यावरचा पिवळा डाग मी अजून निघू दिला नाही.

पाटलांना आता दिसत नाही फारसं. काठीचा आवाज आला की काका उठतात, हात धरून त्यांना अलीकडे आणतात. म्हणून बसले आहेत ते तिथं, टोपी घालून.

आता तू कधी येतेस सांग. पोळ्याला ये, चांगली राहायला ये. आवतन लागत असेल तर वाक जराशी, आण तो खांदा इकडे.