बिनतारीवरचे दोन हात

ती घटना आठवली की आजही भर दुपारी माझ्या अंगावर काटा येतो. अंधाराचं मला कधी काही वाटलं नाही. आम्हा पोलिसांची निम्मी नोकरी अंधारातच जाते. पण लख्ख उन्हात, दुपारी दोन वाजता, शिडीवर उभं राहून मी जे पाहिलं, त्याचा अर्थ मला आजवर नीट लावता आलेला नाही. नावं सांगणार नाही, त्या घराण्यातली माणसं अजून त्याच गावात नांदतात.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून वर्ष झालं होतं. सातारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या एका ठाण्याला मी फौजदार होतो. सांगली संस्थानाची हद्द इतकी जवळ, की आमचा चोर ओढा ओलांडायचा आणि पलीकडून आम्हाला रामराम घालायचा. गावोगावचे जवान घरी परतत होते. कुणी बूट आणी, कुणी घोंगड्या, कुणी काडतुसं. त्यामुळे त्या वर्षी आमच्या मुद्देमालाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची.

एके सकाळी विट्याचा एक माणूस ठाण्यात आला. मद्रासकडे सोनं गाळायच्या धंद्यात होता, बहिणीची खबर ऐकून धावत आला होता. त्यानं अर्ज पुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच रडायला लागला.

"साहेब, माझी बहीण मरायला लागलीया. दाजी ब्रह्मदेशात बेपत्ता हाईत. सरकारचा कागद येऊन तीन वर्सं झाली. आमी म्हनलं, आता न्यावी तिला म्हायारी. पर तिनं अन्न सोडलंय. नवरा दारात येईपत्तर घास गिळनार न्हाई म्हनती. नुसत्या दुधावर हाय. डाक्तर म्हनला, दिवाळी दिसायची न्हाई."

"मग यात पोलिसांचं काय काम?"

"गावात एक हवालदार आलाय लढाईवरनं. त्यो मशीन लावून मेलेल्या मानसाला बोलवतोय. रोज दुपारी दोनला. तिला ऐकवतोय. त्यामुळं तिनं हे धरलंय."

आमचा जुना जमादार मिशीत हसला. "साहेब, ही केस मांत्रिकाची. भुताला कुठलं कलम लावायचं?" मीही हसलो. पण बिनपरवाना बिनतारी यंत्राला कलम होतं, आणि त्या दिवसांत वरून हुकूम कडक होते. दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन मी त्या गावात गेलो.

हवालदार गोठ्याशेजारच्या खोलीत सापडला. चाळिशीचा, एका कानानं अधू. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्कराची मोडतोड विकायला येई, तिथून सुटे भाग आणून त्यानं रेडिओ उभा केला होता. औषधाच्या बाटलीवर तार गुंडाळून कॉइल केलेलं. आतल्या पितळी चकत्या तांबटाकडून ठोकून घेतलेल्या. काटा फिरवायचं बटन म्हणजे लाकडी भोवरा. खोलीभर डाख लावायच्या राळेचा वास. खरं सांगतो, झडती घ्यायला आलो होतो हे क्षणभर विसरलो आणि त्या कारागिरीकडे बघत राहिलो.

भिंतीला टेकून ती बसली होती. पदरावरून कानाला हेडफोन, हातात हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, आणि चेहरा नुसता हाडांचा. आम्ही आत आलो तरी तिनं मान वळवली नाही.

"कोण बोलतं यावर?" मी हवालदाराला दरडावलं.

"माझा जोडीदार, साहेब. वहिनींचा मालक."

"त्यानं नाव सांगितलं?"

"नाव कशाला सांगतोय? हात वळकला." तो खाली बसला. "टक्-टक् समदी सारखीच, असं लोकांस्नी वाटतं. पर तुमी तुमच्या आईची भाकरी थापल्याली भिंतीआडनं वळकता का न्हाई? तसा हात वळकतो. तीन वर्सं मी त्याच्या शेजारी बसून तारा घेतल्यात. नदीवर गोळीबार झाला, आमी पळालो, त्यो म्हागं ऱ्हायला. मी वळून बघितलं न्हाई, साहेब. आता त्यो बोलतोय, तर मी ऐकू नको?"

"आणि म्हणतो काय?"

उत्तर तिनं दिलं. "मी बरा आहे. येतो."

सासऱ्याला हे माहीत आहे का, असं मी विचारलं. तिनं मान हलवली. मामंजींचं काळीज कमजोर, उगाच आशा लावून काही झालं तर? ती रानात जाते असं सांगून निघायची आणि इथं येऊन बसायची. हवालदारानंही पोलिसांच्या भीतीनं तिला गप्प राहायला सांगितलं होतं.

दोन वाजले. मी हेडफोन कानाला लावला. आधी एक हात ऐकू आला, हळू, अडखळत, म्हाताऱ्या माणसानं दार ठोठावावं तसा. मग शांतता. अर्धं मिनिट खरखरीशिवाय काही नाही. आणि मग दुसरा हात आला, चपळ, ठणठणीत, तरणाबांड. मला त्या टकटकीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ही दोन माणसं आहेत हे लहान पोरानंही सांगितलं असतं. ती माझ्या कानाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी यंत्र जप्त करायला आलो होतो. जागेवरच ठेवून परत गेलो. जमादारानं विचारलं तेव्हा त्याच्यावरच खेकसलो.

साताऱ्याहून पोलीस बिनतारीचा एक ऑपरेटर मागवून घेतला. हा गडी तरुण, हुशार आणि देवाधर्माला न मानणारा. त्यानं दोन वाजता कागद पुढे ओढला आणि सगळं उतरवून घेतलं. मराठी वाक्यं, इंग्रजी अक्षरांत. पहिला विचारत होता, "बाळा, कुठं आहेस?" दुसरा म्हणत होता, "मी बरा आहे. येतो."

मग त्यानं उठून खोलीबाहेर गेलेली एरियलची तार काढून टाकली. आवाज जसाच्या तसा.

"साहेब, ब्रह्मदेश वगैरे विसरा," तो म्हणाला. "तार काढल्यावरही इतका ठणठणीत आवाज म्हणजे हे दोघंही याच गावात आहेत. फार तर पलीकडच्या आळीत."

हवालदाराचं तोंड पांढरं पडलं. इतका मुरलेला सिग्नलवाला. तार काढून बघायची ही साधी परीक्षा त्याला ठाऊक नव्हती? पुरती ठाऊक होती. त्यानं ती कधी केली नव्हती, आणि तो पहिला हात कुणाचा हेही कधी शोधलं नव्हतं, एवढंच. ती मात्र शांत होती. तिला यातलं काही कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

आता मला दोन माणसं शोधायची होती. गावात तारायंत्र येणारी माणसं किती असणार? बेपत्ता जवानाचा बाप रेल्वेत तारमास्तर होता, आता निवृत्त. चावडीवर बोलावून घेतलं. काठी टेकत आला. एकटाच, सुनेच्या काळजीनं खंगलेला. बोलताना त्याचा हात इतका कापत होता की पाण्याचा तांब्या मला धरावा लागला. हा माणूस तारा काय पाठवणार! मी त्याला सोडून देणार होतो, तेवढ्यात त्याच्या धोतराकडे लक्ष गेलं. पांढरंशुभ्र धोतर, आणि त्यावर आडवी हिरवट रेघ. असा डाग कुणाही घरच्या बाईला विचारा, ती सांगेल, हा तांब्याचा कळंक. म्हणजे या घरात कपडे वाळत घालायची तार तांब्याची. इतकी महागाची तार कपडे वाळवायला कोण बांधतो? ती एरियलचीच असणार.

ठाण्यात येऊन जुनी मुद्देमाल रजिस्टरं काढायला लावली. नोंद सापडली. लढाईआधी बापलेकांनी हौसेनं, रीतसर परवाना काढून, तारा पाठवायचं यंत्र घरी बनवलं होतं. लढाई सुरू झाली तेव्हा हुकमाप्रमाणे ठाण्यात जमा केलं, खाली दोघांच्या सह्या. लढाई संपल्यावर बापाला परत दिलं. देणारा आमचाच जमादार.

"मला वाटलं गाणी ऐकायचा डबा आसंल," तो डोकं खाजवत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरला हवालदाराच्या खोलीत बसवलं. सून नेहमीप्रमाणे तिथं आली. मी मास्तराच्या घरी गेलो, पंच ओसरीवर थांबवले आणि शिडीनं माळ्यावर डोकं काढलं.

मास्तर माझ्याकडे पाठ करून बसला होता, कानाला हेडफोन. उजवा हात यंत्राच्या बटनावर, थरथरत, एकेक अक्षर ढकलत होता. मग तो थांबला. ऐकत राहिला. कौलाच्या फटीतून ऊन आत येत होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. माळ्यावर दुसरं कुणी नव्हतं. आणि तो उजवा हात पुन्हा उचलला गेला. कंप थांबला. बोटं सरसर चालायला लागली, विशीतल्या पोराची चालावी तशी. आणि त्याच वेळी मास्तर डाव्या हातानं, घाईघाईनं, येणारी तार वहीत उतरवून घेत होता.

मी शिडीवरूनच हाक मारली, "मास्तर."

तो वळला. घाबरला नाही. "जरा थांबा साहेब, आत्ताच लागला होता."

"कोण?"

"पोरगा."

"मास्तर, उत्तर तुम्हीच दिलंत. मी डोळ्यांनी बघितलं."

त्यानं आपल्या हाताकडे बघितलं. "व्हय. बटन मीच दाबतो, ते मला कळतंय. पर त्यो हात माझा न्हवं. माझा हात कापतो, हे बघा. सात वर्सांचा हुता तवा हाताला धरून शिकवला त्याला. माझा तरणेपणीचा हात त्याच्यात गेला. महिनाभर मी नुसता हाका मारत हुतो. मग एक दिवस उत्तर आलं."

वही उघडीच होती. पानामागून पान एकच ओळ, 'मी बरा आहे. येतो.'

मला राग आला. भीती वाटली की माणसाला राग येतो, हे मी आरोपींमध्ये पुष्कळदा पाहिलंय, त्या दिवशी स्वतःत पाहिलं. मी ताडकन बोललो, "तुमची सून रानात जात नाही. हवालदाराच्या मशीनवर ही तार रोज ऐकते. नवरा येतोय, तो दारात आल्याशिवाय जेवायचं नाही, म्हणून ती उपाशी मरतेय. तुमच्या या 'येतो'पायी!"

असं बोलायला नको होतं. म्हातारा भिंतीला टेकला.

"आता ऐकती हाय?" त्यानं विचारलं.

"ऐकतेय."

त्यानं हात बटनावर ठेवला. माझ्यासमोर गुन्हा घडत होता आणि मी शिडीवर उभा राहिलो. या वेळी तो हात शेवटपर्यंत कापत होता. काय पाठवलं ते मला मागून ऑपरेटरच्या कागदावर वाचायला मिळालं, "पोरी, हा मी. तो नाही. तो नाही. जेव." हवालदारानं रोजच्यासारखा त्याचा अर्थ तिला सांगितला होता.

ती घरी आली तेव्हा मी अजून शिडीवरच होतो. वर बघितलं नाही, रडली नाही. चूल पेटवली. भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. मागोमाग तिचा भाऊ आला आणि चुड्याकडे बघून काही बोलायला लागला. ती म्हणाली, "दादा, बांगड्या उद्या फोडीन. आज जेवू दे." मग माळ्याकडे तोंड करून, "मामंजी, खाली या. ताट वाढलंय."

मास्तर खाली उतरला. दोन ताटं होती. त्या घरात सून सासऱ्याच्या पंगतीला कधी बसली नव्हती. त्या दिवशी समोर बसली. पहिला घास तिला गिळवेना. म्हाताऱ्यानं कापत्या हातानं पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. मी पंचांना घेऊन बाहेर पडलो, पंचनामा तासाभरानं केला.

दोन्ही यंत्रं जप्त झाली, मॅजिस्ट्रेटनं म्हाताऱ्याला ताकीद देऊन सोडलं. ऑपरेटरनं जबाबात लिहून दिलं, हात दोन होते. हवालदारानं शपथेवर सांगितलं, दुसरा हात जोडीदाराचाच. दोघंही सचोटीची माणसं, शब्द फिरवणारी नव्हती. साक्षीदार खरा असतो आणि तरी चुकलेला असतो, हे मी त्या खटल्यात शिकलो. त्या दिवसानंतर साक्षीदारानं ओळखलं एवढ्याच बळावर मी कुणाला बेड्या घातल्या नाहीत.

आणखी एक सवय लागली. पोलिसाला मयताची खबर घेऊन पुष्कळ दारांत जावं लागतं. पूर्वी मी उंबऱ्यावरच सांगून मोकळा होत असे. त्यानंतर आत जाऊन बसायचो, पाणी मागायचो आणि आधी विचारायचो, घरातली माणसं जेवली का? जेवली नसतील, तर जेवणं होईपर्यंत बाहेर थांबायचो.